लाल देवळातला बगदादी

ससून हा शब्द आपल्याकडे आडनाव म्हणून उरलेलाच नाही. चाकण एमआयडीसीच्या रस्त्यावर मोठा अपघात झाला की जखमींना पुढच्या उपचारांसाठी ससूनला हलवतात, आणि बातमीत तसंच छापून येतं. मेडिकलवाल्यांसाठी ससून म्हणजे बी. जे.चं हॉस्पिटल. बाकीच्यांसाठी लोकलने पुणे स्टेशनला उतरलं की जवळच दिसणारी ती जुनी दगडी इमारत.

हे नाव ज्याचं, तो माणूस पुण्यातच गेला आणि त्याची कबरही पुण्यातच आहे, कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात. तो जन्मला बगदादमध्ये. घरात अरबी बोलायचा, प्रार्थना हिब्रूत करायचा. त्याच्या वडिलांना लोक शेख म्हणायचे, त्याच्या थोरल्या मुलाचं नाव अब्दुल्ला होतं आणि तो स्वतः धर्म कडक पाळणारा ज्यू होता.

हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. गडबड झालीय असं वाटत असेल, तर ती माझ्या लिहिण्यात नाही.

ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायल आणि गाझाचे व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फोनवर येतायत. कॉलेजच्या ग्रुपवर त्यावरून भांडणंही झाली असतील. त्या भांडणात एक मुद्दा हमखास येतो: ज्यू आणि अरब यांचं हजारो वर्षांचं वैर आहे, ते काही मिटत नाही, तू फक्त बाजू सांग. यात दोन गोष्टी धरून चालल्यात. एक, ज्यू आणि अरब ही कायमच दोन वेगळ्या कप्प्यांतली माणसं होती. दोन, भांडण फार जुनं आहे. डेव्हिड ससूनचं आयुष्य या दोन्हींत बसत नाही, म्हणून आज त्याची गोष्ट.

डेव्हिडचा जन्म ऑक्टोबर १७९२ मधला. बगदाद तेव्हा ऑटोमन, म्हणजे तुर्कांच्या साम्राज्यात होतं आणि कारभार पाशाच्या हातात. या भागात ज्यू कधीपासून राहत होते? बॅबिलोनच्या राजाने जेरुसलेम पाडून ज्यूंना कैद करून नेलं, ती घटना ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातली. म्हणजे इस्लामचा जन्म व्हायच्या हजारभर वर्षं आधीपासून ज्यू तिथे नांदत होते. पुढे अरबी भाषा त्या मुलखात रुजली, तशी ती त्यांचीही झाली. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची मराठी झाली ना, अगदी तशीच.

डेव्हिडच्या वडिलांचं नाव शेख ससून बेन सालेह. हुद्दा सराफ बाशी. सराफ शब्द ओळखीचा वाटला? लक्ष्मी रोडवरचा सराफ आणि बगदादचा सराफ हा एकच अरबी शब्द आहे. बाशी म्हणजे मुख्य. पाशाचा खजिना सांभाळायचा, त्याला कर्जं उभी करून द्यायची, नाण्यांचे व्यवहार बघायचे, असं हे काम. शिवाय ते बगदादच्या ज्यू समाजाचे प्रमुखही होते. हा मान घराण्यात चालत आलेला. डेव्हिड याच गादीवर बसायला तयार होत होता. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याचं लग्न झालं, पहिली बायको हन्ना १८२६ मध्ये वारली, मग फर्हाशी दुसरं लग्न. दोघींचे मिळून आठ मुलगे, शिवाय मुली. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे या मुलग्यांच्या जिवावरच सगळा धंदा पसरला.

बगदादमध्ये सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं असं मात्र समजू नका. ज्यूंना मुसलमानांच्या बरोबरीचा दर्जा नव्हता. संरक्षण मिळायचं, पण दुय्यम म्हणून आणि वेगळा कर भरून. पाशा बरा असला तर दिवस बरे. १८१६ मध्ये दाऊद पाशा आला आणि दिवस फिरले. त्याला पैसा हवा होता आणि तो श्रीमंत ज्यूंकडे होता. धरपकड, खंडणी सुरू झाली. डेव्हिडलाही पकडलं, वडिलांनी पैसे मोजून सोडवलं, आणि त्याला शहर सोडून पळावं लागलं. पळताना कपड्यांच्या अस्तरात मोती शिवून नेले होते अशी दंतकथा आहे. खरी असेल-नसेल, पण पळून जाणाऱ्या श्रीमंतांच्या गोष्टीत असे मोती नेहमीच असतात.

इथे एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्याच्या भीतीने डेव्हिड पळाला तो दाऊद पाशा अरब नव्हताच. तो जॉर्जियातला, ख्रिश्चन घरात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला जाऊन बगदादला आलेला आणि चढत चढत पाशा झालेला. आणि दाऊद आणि डेव्हिड हे मुळात एकच नाव आहे. ज्यू विरुद्ध अरब या चौकटीत ही भानगड बसवून दाखवा बघू. ही लोभी सत्ताधारी आणि भेदरलेला सावकार यांची गोष्ट होती. अशा गोष्टी आपल्याकडच्या बखरींतही सापडतील.

डेव्हिड आधी बसऱ्याला आणि मग इराणच्या किनाऱ्यावर बुशेहरला गेला. म्हातारे वडीलही मागून आले आणि १८३० मध्ये तिथेच वारले. पुढच्याच वर्षी बगदादमध्ये प्लेग आला, टायग्रिसला पूर आला आणि दाऊद पाशाची सत्ताही गेली. परत जाता आलं असतं. पण डेव्हिडने तोंड दुसरीकडे वळवलं होतं. १८३२ मध्ये तो कुटुंबासह मुंबईला आला. वय चाळीस. आपल्याकडे चाळिशीत माणूस होम लोनचे हप्ते मोजत असतो, याने शून्यातून नवा देश सुरू केला.

अगदी शून्यातून म्हणणं तितकं बरोबर नाही. त्याच्याकडे ओळखी होत्या आणि अरबी होती. आखाती बंदरांतून मुंबईत येणाऱ्या अरब व्यापाऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा, त्यांच्या रीतीभाती जाणणारा माणूस इंग्रज पेढ्यांकडे कुठून असणार? इंग्लंडचं कापड आखातात पाठवायचं आणि तिकडचा माल मुंबईत आणायचा, असा धंदा सुरू झाला. त्यातून डेव्हिड ससून अँड कंपनी उभी राहिली.

आता अफू. हा भाग हॉस्पिटलच्या गौरवाच्या लेखांत एका ओळीत उरकतात, म्हणून थोडं थांबू. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. चीनच्या बादशहाने बंदी घातली, तेव्हा इंग्रजांनी युद्ध करून १८४२ मध्ये बंदरं उघडून घेतली. १८४४ मध्ये डेव्हिडचा दुसरा मुलगा इलियास चीनला रवाना झाला आणि तिथे शाखा सुरू झाल्या. कापड, सूत यांच्या जोडीला अफू होतीच. काही दशकांत ससून घराणं या व्यापारातलं सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक झालं. तेव्हा हे कायदेशीर होतं. मुंबईतले कितीतरी मान्यवर पारशी, गुजराती व्यापारी याच धंद्यात होते. तरी चीनमध्ये घरंच्या घरं व्यसनात बुडत होती हे कोणालाच माहीत नव्हतं, असं म्हणता येणार नाही. तुमच्या-माझ्या आजोबांना बरं करणाऱ्या हॉस्पिटलच्या पायात हा पैसाही आहे. मला तो विसरून पुढे जाणं पटत नाही आणि त्या एका गोष्टीवर सगळा माणूस निकालात काढणंही पटत नाही.

कंपनी चालायची कशी, हे मात्र बिझनेसवाल्यांनी बघण्यासारखं आहे. प्रत्येक बंदरात एक मुलगा. हाताखाली बगदादहून आणलेले ज्यू तरुण. त्यांच्यासाठी शाळा, राहायची सोय, दवाखाना, प्रार्थनाघर, सगळं कंपनीचं. पिंपरीतल्या एचए कॉलनीत वाढलेल्या कोणालाही हा प्रकार नवा वाटायचा नाही. बगदादमधल्या गरीब घरातल्या मुलाला मुंबईची ससून कंपनी म्हणजे आजच्या भाषेत प्लेसमेंटच होती.

या शाखा एकमेकींना पत्रं लिहायच्या ती अरबी भाषेत, पण हिब्रू अक्षरांत. घरात बोलायची ती बगदादी अरबी, लिहायची मात्र धर्मग्रंथाच्या लिपीत. याचा आयता फायदा असा, की पत्र दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तरी वाचता येत नसे. १८५५ पासून मुंबईत याच भाषेत आणि लिपीत एक नियतकालिकही निघत होतं. ससून घराण्याचे कागद आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. बगदादमध्ये जन्मलेला इतिहासकार जोसेफ ससून ते वाचत बसला आणि त्यातून २०२२ मध्ये घराण्याचा मोठा इतिहास छापून आला.

एका समाजाची भाषा, दुसऱ्याची लिपी, हे विचित्र वाटत असेल तर पिंपरी कॅम्पात जा. तिथली सिंधी कुटुंबं १९४७ च्या फाळणीनंतर घरदार सोडून आली. धर्माने हिंदू, पण जुन्या पिढीतले आजोबा सिंधी लिहायचे ती अरबी वळणाच्या लिपीत. कोणी त्यांना विचारलं असतं, की तुम्ही हिंदू ना, मग ही अक्षरं कशी, तर त्यांना प्रश्नच कळला नसता. डेव्हिड ससूनला ज्यू की अरबी असं विचारलं असतं तर त्याचंही तसंच झालं असतं असं मला वाटतं. तो स्वतःला अरब म्हणवून घेत होता असा माझा दावा नाही. तो बगदादचा ज्यू होता आणि त्या काळात ती पूर्ण ओळख होती.

कपडेही तसेच. झगा आणि फेटा, बगदादी पद्धतीचा. मुंबईच्या काळा घोडा भागात डेव्हिड ससून लायब्ररीत त्याचा पुतळा आहे, त्यातही तो असाच दिसतो. इंग्रजी त्याला फारशी आलीच नाही. १८५३ मध्ये तो ब्रिटिश नागरिक झाला, तेव्हा त्या कागदावरची सही हिब्रू अक्षरांत होती. मुलांचं वेगळं. अब्दुल्ला पुढे सर अल्बर्ट झाला, कुलाब्याला ससून डॉक बांधून घेतला आणि शेवटी इंग्लंडला जाऊन राहिला. पणतू सिग्फ्रीड ससून तर इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल, पहिल्या महायुद्धाच्या कविता लिहिणारा. चार पिढ्यांत बगदादचा झगा ते ब्रिटिश फौजेचा गणवेश.

डेव्हिडच्या आसपास मराठी बोलणारे ज्यूही होते. बेने इस्रायल. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून गावोगाव शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे. मुंबईतलं त्यांचं प्रार्थनामंदिर १७९६ मधलं, बगदादी मंडळी यायच्या कितीतरी आधीचं. नवे आले तेव्हा सुरुवातीला तिथेच प्रार्थना करायचे. मग अंतर पडलं. हे लोक खरे ज्यू आहेत की नाहीत, अशी शंका बगदादी घेऊ लागले. १८३६ मध्ये तर ज्यू दफनभूमीत मध्ये भिंत घालून द्या अशी मागणी त्यांच्याकडून सरकारकडे गेली. एक धर्म, एक देव, तरी मेल्यावरसुद्धा शेजारी नको. अरबी बोलणाऱ्या मुसलमानाशी धंदा चालत होता आणि मराठी बोलणारा ज्यू चालत नव्हता. जात नावाची गोष्ट समजवायला आपल्याला वेगळा क्लास लावावा लागत नाही, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

पुण्याशी संबंध आला तो उतारवयात. पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्याला असायचा, त्यामुळे मोठे व्यापारीही इथे बंगले बांधत. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचं काम पुरं झालं. तुम्ही चिंचवडहून रोज ज्या रुळांवरून जाता, तो मार्ग हाच. अखेरच्या वर्षात डेव्हिड ससूनही याच मार्गाने आला असणार, हा माझा अंदाज.

त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईचे व्यापारी गब्बर झाले. ससूनकडेही पैसा आला आणि त्याने तो मोकळ्या हाताने वाटला. पुण्याचं हॉस्पिटल १८६७ मध्ये उघडलं, ते पहिल्यापासून सगळ्या जातिधर्मांसाठी. नवी पेठेतला निवारा वृद्धाश्रम तुम्ही ऐकून असाल, त्याच्या संस्थेचं नावच डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह आहे. मुंबईत गुन्ह्यात सापडलेल्या पोरांसाठी सुधारगृह, भायखळ्याला मोठं प्रार्थनामंदिर. उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दानाला काढायचा हा ज्यू धर्माचा दंडक आहे. बगदादच्या सराफाने तो पुण्याच्या लाकूडतोड्यासाठी आणि हमालासाठी खर्च केला.

१८६३ मध्ये कॅम्पात लाल विटांच्या प्रार्थनामंदिराचं काम सुरू झालं. नाव ओहेल डेव्हिड, म्हणजे डेव्हिडचा तंबू. ते पुरं झालेलं त्याने बघितलं नाही. नोव्हेंबर १८६४ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी तो पुण्यात वारला. मंदिर १८६७ मध्ये पूर्ण झालं. उंच मनोरा, त्यावर घड्याळ. पुणेकरांनी हिब्रू नाव बाजूला ठेवून त्याला लाल देऊळ केलं.

आता तारखा बघा. डेव्हिड वारला १८६४ मध्ये. ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र हवं म्हणून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला पहिली मोठी परिषद भरली १८९७ मध्ये, तेहतीस वर्षांनी. आयुष्यभर त्याने जेरुसलेमला परतण्याची प्रार्थना केली असेल, प्रत्येक ज्यू करतो, पण ती प्रार्थना होती, व्हिसाचा अर्ज नव्हता. त्या परिषदेचं बोलावणं बेने इस्रायल समाजालाही आलं होतं आणि त्यांनी ते नम्रपणे नाकारलं. परत न्यायचं असेल तर देव नेईल, अशी त्यांची भूमिका. युरोपातल्या, विशेषतः रशियातल्या ज्यूंची गोष्ट निराळी होती. तिथे दंगली होत होत्या, माणसं मारली जात होती, त्यांना घाई होती. अरब राष्ट्रवादसुद्धा साधारण याच काळात आकार घेत होता, तुर्कांच्या विरोधात.

मग १९१७. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर मिळावं याला ब्रिटनने पाठिंबा जाहीर केला. तेव्हा तिथली बहुसंख्य वस्ती अरबांची होती आणि त्यांना कोणी विचारलं नाही. एमपीएससीवाल्यांसाठी एक जादाची माहिती: ब्रिटिश मंत्रिमंडळात या घोषणेला कडाडून विरोध करणारा माणूस स्वतः ज्यू होता आणि तुम्ही त्याचं नाव पाठ केलंय. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधला माँटेग्यू. ज्यू हे वेगळं राष्ट्र आहे असं ठरलं तर ज्या त्या देशातले ज्यू परके ठरतील, ही त्याची भीती.

ती भीती सगळ्यात जास्त कुठे खरी ठरली असेल तर बगदादमध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराचा साधारण चौथा हिस्सा ज्यू होता. १९२१ मध्ये नव्या इराकचा पहिला अर्थमंत्री झाला तोही एक बगदादी ज्यू, सर ससून एस्केल. वीस वर्षांनी, जून १९४१ मध्ये, त्याच शहरात दोन दिवस ज्यूंची कत्तल झाली आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. काही मुसलमान शेजाऱ्यांनी ज्यूंना घरात लपवलं, हेही त्याच दोन दिवसांतलं.

नोव्हेंबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केला. भारताने विरोधात मत दिलं. आपली फाळणी होऊन तेव्हा जेमतेम साडेतीन महिने झाले होते, पिंपरीच्या छावणीत सिंधी कुटुंबं यायची होती किंवा येत होती. पुढच्या वर्षी इस्रायल झालं, युद्ध झालं आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब घराबाहेर पडले ते परत जाऊ शकले नाहीत. सिंध्यांना इथे दुकान टाकता आलं, मतदान करता आलं, नगरसेवक होता आलं. पॅलेस्टिनींची तिसरी-चौथी पिढी अजून निर्वासित म्हणून नोंदलेली आहे, गाझातले बहुसंख्य लोक त्यांचेच वंशज. आणि १९५०-५१ मध्ये इराकने आपल्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. एक लाख वीस हजारांच्या आसपास माणसं विमानांनी इस्रायलला गेली, घरं-दुकानं मागे टाकून. अडीच हजार वर्षांची वस्ती दोन वर्षांच्या आत उठली. तिकडे तंबूत राहताना त्यांना कळलं, की आपण घरात जी भाषा बोलतो ती इथे शत्रूची भाषा आहे.

म्हणून ग्रुपवर कोणी हजारो वर्षांचं वैर म्हणालं तर निदान तारखा विचारा. एवढ्याने युद्ध थांबणार नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांत माणसांनी घेतलेल्या निर्णयांची नावं-गावं सांगता येतात. हजारो वर्षं म्हटलं की कोणालाच जाब विचारता येत नाही.

लाल देऊळ बघायचं असेल तर पुणे स्टेशनवरून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. बाहेर पोलीस असतात. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, आयकार्ड जवळ ठेवा. डेव्हिडची समाधी त्याच आवारात आहे. शनिवारी जाऊ नका, त्यांचा प्रार्थनेचा दिवस असतो.